शून्य माणसांची वस्ती

नाही, पण मला सांगा, सकाळी अकरा वाजता घरात कोण असतं? नगरपालिकेने माझ्या हातात तक्ता दिला, म्हणाले, "फेर्मिन, तारायेसच्या वस्तीत बाहेरच्या देशांतून आलेली माणसं किती, ते लिहून आण." गेलो. आता आमची कचेरी उघडते आठला, दहाला नाश्ता... टोमॅटो चोळलेला पाव आणि कॉफी पोटात गेल्याशिवाय आमच्या आल्मेरियात कुणी फिरतीवर निघतं का? मग गाडी काढून पोचेपर्यंत अकरा! एक दार वाजवलं, बंद. दुसरं वाजवलं, बंद. नियम असा, की वेगवेगळ्या दिवशी तीन फेऱ्या मारायच्या आणि तिन्ही वेळा दार उघडलं नाही तर लिहायचं 'शून्य'. सोमवारी अकराला गेलो, बुधवारी अकराला, शुक्रवारीही अकराला. वेगवेगळ्या वेळी जा असं कुठे लिहिलंय? मी नियमाप्रमाणेच केलं हो!

तुम्ही म्हणाल, अरे शहाण्या, त्या वेळी ती सगळी माणसं प्लास्टिकच्या मांडवाखाली मिरच्या तोडत असतात, हे तुला ठाऊक नव्हतं? ठाऊक होतं! माझ्या मेव्हण्याचेच तीन मांडव आहेत! पण संध्याकाळी जायचं म्हणजे जादा तास, जादा तासांना वरची सही, आणि वरची सही म्हणजे आमच्या साहेबीण, रेमेदियोसबाई. चष्म्यावरून अशा बघणार आणि म्हणणार, "कचेरीच्या वेळेत काम उरकत नाही का हो तुमच्याकडून?" कोण ऐकून घेणार?

आणि एक सांगतो, बाहेर बोलू नका. दोरीवर कपडे होते. ओले! अहो, रिकाम्या वस्तीतले कपडे ओले असतात का? एका दारापाशी चपलांचे चौदा जोड... मी मोजले! चपला मोजल्या, माणसं नाही मोजली! अंगणातल्या चुलीवर चहाची किटली, हात लावला तर कोमट, पुदिन्याचा वास येतोय... आणि त्या किटलीशेजारी उभं राहून मी लिहिलं, शून्य. लाज वाटते सांगायला.

झालं, आकडा वर गेला. वरच्यांनी गुळगुळीत कागदावर अहवाल काढला, 'सर्वांना सोबत घेऊन विकास'! मुखपृष्ठावर हसणारी बाई, आत सतराव्या पानावर माझं शून्य. आणि शून्य माणसांना नर्स कशाला? मंगळवारी-गुरुवारी वस्तीतल्या खोलीत एक नर्स येऊन बसायची, ती बंद!

मला कसं कळलं? कचेरीत माझ्या खिडकीवर एक बाई आली. घिझलान तिचं नाव, मोरोक्कोची, सातवा महिना, रक्तदाब वाढलेला, पाय हे एवढे सुजलेले. ट्रकच्या रस्त्याने कडेकडेने नऊ किलोमीटर चालत आलेली. "काका, आमची नर्स का येत नाही?" मी म्हटलं, "नोंदीप्रमाणे तिथे कुणी राहत नाही." तर म्हणते, "मग मी कुठून आले?" पुढे विचारते, "असं लिहिलं कुणी? आंधळा होता का मेला?" आणि मी... मी मान हलवून म्हणालो, "चौकशी करतो." चौकशी! माझीच! वर तिने मलाच दुवा दिला, "अल्ला तुमचं भलं करो काका, तुम्ही तरी ऐकून घेतलंत."

तसाच उठलो, रेमेदियोसबाईंसमोर उभा राहिलो. "बाई, माझं चुकलं, आकडा बदला." "आता पुढच्या मोजणीला, पाच वर्षांनी." "अहो, पण माणसं आहेत तिथे!" "असतील. पण तुमच्या तक्त्यात खोट कुठेच नाही, फेर्मिन. तीन फेऱ्या, तीन तारखा, अक्षरही सुरेख." बघा! कुठे खाडाखोड असती तर दुरुस्ती तरी झाली असती. पण मी नियमाप्रमाणेच केलं हो!

म्हणून आता दर मंगळवारी रजा टाकतो आणि घिझलानला माझ्या गाडीतून दवाखान्यात नेतो. ती एकटी कुठली येते! तिची जाऊ, जावेची मावशी, एकीचा दात, एकीचा गुडघा... "काका, जरा सरका ना!" कुठे सरकू? स्टिअरिंगवर बसू?

आणि परवा पोलिसाने अडवलं. डोकं आत घातलं, बोट नाचवत मोजायला लागला, "एक, दोन, तीन, चार, पाच, आणि तुम्ही सहावे! पाचांची गाडी ना ही?" मी म्हटलं, "साहेब, नोंदीप्रमाणे गाडीत मी एकटाच आहे." हसला नाही मेला. सगळं लिहिलं, तारीख, तारायेसचा रस्ता, पाच बायकांची नावं, आणि दंडाची पावती माझ्या हातात कोंबली. मी चरफडतोय, तर मागून घिझलान म्हणते, "काका, दंड तुम्ही भरा, पावती मला द्या." "तुला कशाला?" "इथे राहते याचा पुरावा मागतात हो सगळीकडे. या देशात माझं नाव लिहिलेला हा पहिलाच सरकारी कागद!"

दिली पावती. तो आंधळा मेला मीच, हे अजून सांगवत नाही तिला. नियमाप्रमाणे माणसं मोजली तेव्हा शून्य भरली, आणि नियम मोडला तेव्हा, तुम्हाला सांगतो... बरोब्बर पाच!