सात मीटर निळं

...अहो कापड घ्यायचं म्हणजे काय, दुकानात जायचं, बोट दाखवायचं, कापून घ्यायचं आणि घरी यायचं, एवढं सोपं असतं ना, तर त्या लाकडी स्टुलावर बसून माझी कंबर मोडली नसती! दोन तास! त्यात एक पाय बुटका! स्टुलाचा हो, माझा नाही! आणि कुणापायी? तर आमच्या समोरच्या वहिनींपायी!

तुम्हाला सांगते, टेलिफोन खात्यात तीस वर्षं नोकरी केलेली बाई. या टोकाचा माणूस त्या टोकाला जोडून द्यायचा, हेच काम. आता रिटायर होऊन गोधड्या शिवतात. गल्लीत त्यांना ‘मोजपट्टी’ म्हणतात, मी नाही हं म्हणत, मी आपली वहिनीच म्हणते, पण गळ्यात टेप घालून भाजी आणायला जाणाऱ्या बाईला लोक दुसरं काय म्हणणार?

आणि घर? घर नाही हो, गोदाम! पलंगाखाली कापड, वॉशिंग मशिनच्या मागे कापड, भाऊजींचे स्वेटर सुटकेसच्या बाहेर आणि सुटकेसमध्ये कापड! आणि सगळं कसं? अर्धा मीटर! अर्धा मीटर पिवळं, अर्धा मीटर ठिपक्यांचं, अर्धा मीटर फुलाफुलांचं. कारण दुकानात उभ्या राहिल्या की किती घ्यायचं, ते काही ठरेना! मग म्हणायच्या, “अर्धा मीटर द्या, असू दे घरात.” वरच्या बाजूला तुकडे चालतात हो, पण गोधडीच्या पाठीला सलग कापड लागतं ना! तीनशे तुकडे घरात आणि एकाही गोधडीला पाठ नाही!

भाऊजी म्हणतात, “तुझ्या आईनं तुला बाहुल्या दिल्या नव्हत्या का लहानपणी?” वहिनी उत्तरच देत नाहीत. ओठात टाचण्या असतात ना. त्या टाचण्यांनी किती भांडणं टळली असतील त्या घरात, मीच साक्षीला आहे... म्हणजे, खिडकी समोरच आहे माझी, कान काय बंद करून घेऊ?

तर, वहिनींच्या लेकीचं लग्न होऊन चार वर्षं झाली. लग्नात सांगितलं होतं, “गोधडी मी देणार, डबलबेडची, दोघांना पुरेल अशी.” वरचे चौकोन शिवून कधीच डब्यात जाऊन बसले. अडलं कुठं? पाठीच्या निळ्याशी! पहिल्यांदा घेतलं ते कमी पडलं. पुन्हा आणायला गेल्या तर नवा तागा, रंग निराळा! एक निळं आभाळाचं आणि एक निळं वहीच्या पुठ्ठ्याचं! दोन्ही शेजारी ठेवून बाई रडल्या हो. मी पाहिलं. मग शपथ घेतली, आता एकाच ताग्यातून, एकदम, पुरेसं. पण पुरेसं म्हणजे किती? ते काही ठरेना!

म्हणून मला नेलं. मी काय, सातवी पास, पण हिशेब पक्का. दुकानदार काकांनी तागा टेबलावर आपटला, “ताई, हा शेवटचा. सात मीटर उरलंय. हा रंग बंद झाला.” आणि मागे एक पडद्यांचा शिंपी, हात बांधून उभा, “घेणार नसाल तर मला सोडा, बाई.” सोडा म्हणे! जसं काही आम्ही त्याचं जनावर धरून ठेवलंय!

वहिनींनी टेप काढली. पन्हा सव्वा मीटर, म्हणजे डबलच्या रुंदीला दोन पट्ट्या, अडीच-अडीच मीटरच्या, झाले पाच, वर काठाला एक, धुतल्यावर आटतं त्याला अर्धा. साडेसहा. की सहा पुरेल? की उशांना पण घेऊ? की पलंग मोठा असेल तर? पुन्हा मोजलं. पुन्हा साडेसहा. “पण पलंग केवढा आहे तिचा, ते नक्की ठाऊक नाही हो...” काका घड्याळाकडे बघतायत, शिंपी काकांकडे बघतोय, माझं स्टूल डुगडुगतंय... आणि मीच म्हटलं. कुठून बुद्धी झाली! “अहो, लेकीला फोन लावा की!”

लावला. एका हातात टेप, म्हणून स्पीकरवर लावला. अख्ख्या दुकानात!

“काय गं, पलंग केवढा आहे तुझा? मोजून सांग.”

“सिंगल आहे, आई.”

“पाहुण्यांचा नाही विचारत. तुमचा.”

“माझाच सांगतेय.”

वहिनी हसल्या. बाई हसल्या हो! “वेडी आहेस का? दोघं कसे मावाल?”

“तो इथे राहत नाही, आई. पाच महिने झाले. मोठा पलंग त्याचा होता, घेऊन गेला.”

काकांची कात्री हवेत. शिंपी एकदम बटणं बघायला लागला. मी स्पीकर बंद करायला गेले तर भलतंच काहीतरी दाबलं, आवाज आणखी वाढला!

“पाच महिने? आणि मला... दर रविवारी फोन करते मी तुला!”

“करतेस ना. आणि विचारतेस, लाल चालेल का, निळं चालेल का. मी म्हणते, चालेल.”

तीस वर्षं लोकांची टोकं जोडून दिली त्या बाईनं! हातातली टेप बोटांभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. आणि विचारलं काय?

“बरं... लांबी किती घेऊ?”

“लांबी तेवढीच आहे, आई.”

फोन ठेवला. काका हळूच म्हणाले, “ताई, सिंगलला तीन पुरेल. कापू का?” आणि तो शिंपी, मेला, तेवढ्यात, “मग उरलेलं चार माझं!”

वहिनींनी ताग्यावर हात ठेवला. “सगळं द्या. सातच्या सात.”

मी कोपरानं ढोसलं, “अहो वहिनी, सिंगलला सात?”

“दोन होतील. चौकोन निम्मे निम्मे. एक तिची.”

“आणि दुसरी?”

“माझी.”

बस. एवढंच. पहिल्यांदा या बाईचं ठरलं हो, आणि काय ठरलं! रस्ताभर मी बोलले नाही. मी! भाऊजींचं काय, हे विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं, पण म्हटलं, आज एकदा बोलून बघितलंय, पुरे.

घरी आले, तर आमचे हे आडवे, दुपारची झोप. म्हटलं, “अहो, ऐकलंत का, आपली गोधडी केवढी आहे हो?” तर डोळे न उघडता म्हणतात, “का? पुरते की!”

पुरते की! अठ्ठावीस वर्षं सगळी स्वतःकडे ओढून झोपणारा माणूस... त्याला पुरतेच हो!