परातीतले छत्तीस चंद्र

साकोलीच्या स्टँडवर माझ्या बाकावर सानगडीचे तुलाराम मास्तर भंडाऱ्याच्या गाडीची वाट पाहत होते. मांडीवर आरशाचे तुकडे चिकटवलेली पितळी परात. शेजारी रानातल्या मेणाची टोपली घेऊन गोदावरीबाई.

“मास्तर, हे काय घेऊन जाऊन राहिले?”

“दुर्बीण हाय, बाई. अमेरिकेत छत्तीस तुकडे जोडून एक मोठा आरसा बनवून राहिले. म्हटलं, आपन कायले मांगं राहाचं? उद्या प्रदर्शनात ठेवाची हाय.”

“चंद्र दिसला का?”

“छत्तीस दिसले. एकानं माहं समाधान कुठं होते!”

“काहून असं?”

“सारे तुकडे डिंकानं एकदमच पक्के करून टाकले, हरेकाचं तोंड वेगळीकडं. पोरांले रोज सांगतो, घाई करू नका. अन् मी असा शहाणा.”

“सारं वावर एकदमच सपाट करते का कोनी? धानाच्या वावरात एकेका बांधीचं, एकेका तुकड्याचं पानी वेगळं पाहा लागते.”

“एवढं समजलं असतं तर मास्तर कायले झालो असतो?”

“डिंक पान्यानं सुटते. खाली हे मेण लावा. मंग जसा दाबला तसा तुकडा वळते.”

“गाडी लागली, बाई.”

“जाऊ द्या. दुसरी येते.”

मास्तरांनी परात उन्हात धरली. समोरच्या भिंतीवर छत्तीस कवडसे विखुरले.

“बोला बाई, पयली बांधी कोनती?”