मशीन तारीख का विचारत होतं?

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती आपले इंजिनियर साहेब, वहिनी, आणि चहाकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

साहेब नवे होते तेव्हाच कार्यालयात पहिला कॉम्प्युटर आला. माउस नाही, चित्रं नाहीत. फ्लॉपी घालायची, खडखड ऐकायची, मग काळ्या पडद्यावर तो आधी आजची तारीख विचारायचा. एवढं महागाचं यंत्र आणि तारीख आपल्यालाच विचारतं, याचं आम्हाला कोण नवल!

ते चालवायला दिलं आमच्या टायपिस्ट ताईंना. आज त्या पहिल्या रांगेत आहेत. पण निम्मं पत्र होतं न होतं, तोच यंत्र बंद. केलेलं सगळं पाण्यात! आणि साहेबांना बोलवावं, तर ते आले की यंत्र कसं शहाण्यासारखं चालणार. असं दोन-तीनदा झाल्यावर मोठे साहेब वैतागले. म्हणाले, "बाईंना हे झेपत नाही. सोमवारपासून त्यांना रेकॉर्ड रूममध्ये पाठवा."

जिच्या टायपिंगवर हे कार्यालय चाललं, तिनं आता फायलींची धूळ झटकायची? ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तर भयंकर राग आला होता.

इंजिनियर साहेबांनी मात्र यंत्राची पेटी उघडलीच नाही. विचारलं, "ताई, बंद पडून परत सुरू झालं की पहिलं काय दिसतं?"

"तारीख विचारतं हो, सकाळी विचारतं तशी."

"म्हणजे ते नव्यानं सुरू होतंय, मधे वीजच जातेय. पण मी असताना का जात नाही? बसा पाहू तुम्ही."

"अहो, तुम्ही उभे असताना मी कशी बसू?"

साहेबांचे डोळे चमकले. त्यांनी ताईंना बळेच खुर्चीत बसवलं, टाइप करायला लावलं आणि स्वतः इस्त्रीच्या कपड्यांनिशी टेबलाखाली शिरले. थोड्या वेळानं खालून आवाज आला, "सापडलं!"

ताईंना टाइप करताना पाय टेकवायची सवय. ते नेमके खाली ठेवलेल्या विजेच्या बोर्डावर, आणि तिथला प्लग सैल. साहेब आले की त्या मान राखायला उठून उभ्या राहायच्या. पाय निघाले, बिघाड पसार!

बोर्ड भिंतीवर गेला, ताईंच्या पायाखाली लाकडी फळी आली आणि ताई निवृत्त होईपर्यंत त्याच टेबलावर राहिल्या.

साहेब, उद्यापासून आमच्यासाठी टेबलाखाली कोण शिरणार?

बोलायची संधी दिलीत, आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर सांभाळून घ्या. आता साहेबांसाठी सगळ्यांनी उभं राहावं, ही विनंती.

ताई, तुम्ही मात्र बसूनच राहा. साहेबांनीच सांगितलंय.