पॅरिसातून उसाला पाणी

तुम्ही म्हणता, तीन महिने परदेशात लय मजा केली असेल. कसली मजा, बाई! हे म्हणाले, "आता शेतातलं काम मोबाईलवरनं कुठनंबी करता येतंय, चल जग बघू." मी चौथी शिकलेली, पण मोबाईलवरून शेतातली मोटर चालवायला माझी मीच शिकले. निघताना सगळ्यांना बजावून ठेवलं, "मोटरीला कुणी हात लावायचा न्हाई. मी तिकडनं बघीन." मग काय, हे जग बघायचे आणि मी आमच्या कडेगावात लाईट कधी येते त्याची वाट बघायची.

पॅरिसात एका म्युझियमच्या दारात मोटर चालू केली आणि त्याच नादात मोबाईल पिशवीसकट लॉकरमध्ये ठेवला. आत चित्रातली नदी बघितली तेव्हा आठवलं, मोटर चालूच आहे. आमच्या उसाच्या खालच्या अंगाला धाकट्या जावेचं, शांताचं, आल्याचं रान आहे. त्यात पाणी साचलं की पीक कुजलंच. लॉकरची किल्ली यांच्याकडे. तीन दालनं पालथी घातली, तेव्हा हे बाकावर घोरत सापडले.

"आवं उठा, शांताचं रान बुडालं!"

लॉकरमधून मोबाईल काढून धापा टाकत शांताला फोन लावला. शांता म्हणाली, "मोटर मी कवाच बंद केली. तुमी इसरला की मीच करते, आक्का. तुमी आराम करा."

हे मिलिटरीतून रिटायर झाले तेव्हा निदान गळ्यात हार तरी पडला होता. मला जावेनं फोनवरच रिटायर केलं.