मध्यंतरातला नियम

स्वारगेटजवळच्या चित्रपटगृहात, सुट्टीतल्या नव्या चित्रपटाच्या मध्यंतरात, चहाच्या रांगेत माझ्यापुढे दोन समीक्षक उभे होते.

“उत्कर्षा, नायिकेचं ते मौन तुला खोटं वाटलं का गं?”

“जठार सर, परीक्षण लिहून होईपर्यंत चर्चा करायची नाही, हा नियम तुमचाच ना?”

“माझाच. पण माझं सदर मार्चमध्ये बंद झालं.”

“माझं चालू आहे, सर.”

“मग लिहून झाल्यावर फोन करशील?”

“रविवारी छापून येईल, तेव्हा वाचा ना.”

“वाचेन. पण छापील मजकुराशी वाद कसा घालू? तो उलटून बोलत नाही.”

“सर, तुमचा चहा.”

“निदान शेजारच्या खुर्चीवर येऊन बसू?”

“समीक्षकानं एकटं बसावं, हेही तुम्हीच शिकवलंत.”

“पाठांतर चोख आहे तुझं. जा, सुरू होईल आता.”