चेअर व्हायचा आग्रह

तुला सांगतो, त्या वर्षी मी धसका घेऊनच एजीएमला गेलो होतो. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतल्या शाळांच्या गव्हर्नरांची, म्हणजे शाळा समितीच्या सदस्यांची, आमची असोसिएशन, सगळं काम बिनपगारी. वर्षभर हॉस्पिटल सांभाळून मी सेक्रेटरी म्हणून सिटी कौन्सिलशी भांडलो होतो. आता आमची चेअर मार्गरेट अध्यक्षपद सोडत होती आणि सगळे माझ्याकडे बघत होते. बायकोने निघतानाच बजावलं होतं, "अहो, गळ्यात पडेल. ठाम नाही म्हणा."

मी तीन नकार तयार ठेवले होते. पहिला विनयाचा, दुसरा नाइट ड्यूटीचा, तिसरा पाठदुखीचा.

मार्गरेटने विचारलं, "डॉक्टर, तुम्ही व्हाल का चेअर?"

"छे, मला कुठलं जमतंय," मी म्हणालो.

"ओके. पीटर, तुम्ही?"

पीटर हो म्हणाला. टाळ्या वाजल्या, विषय संपला.

सुटलो रे बाबा. गाडीत अक्षरशः गाणं गुणगुणत होतो. पण दोन नकार तसेच उरले होते ना. निदान एकदा तरी "असं कसं, डॉक्टर?" म्हणायचं.

घरी जेवताना बायकोने विचारलं, "अजून एक पोळी वाढू?"

मी लगेच ताट पुढे केलं. म्हटलं, या देशात दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही.