आईची सायकल आणि थानासीकाकांचं पार्किंग

नाही, पण मला एक सांगा, जी गाडी मार्चपासून जागची हललेली नाही, जिच्या आरशापासून दारापर्यंत कोळ्यानं जाळं विणलंय, तिला उभं राहायला जागा पुरत नाही म्हणजे काय? अहो, जायचंय कुठं? कोरोनामुळे अख्खं मेलबर्न घरात कोंडलेलं, पाच किलोमीटरच्या पलीकडे पाऊल टाकलं की दंड... आणि आमच्या रस्त्यावर भांडण कशावरून, तर पार्किंगवरून!

तुम्हाला सांगते, माझी आई वृद्धाश्रमात नर्स आहे. आमच्याकडे गाडी नाही, आणि ट्राममधून आजार नेऊन तिथल्या म्हाताऱ्यांना द्यायला नको म्हणून ती पहाटे सायकलनं जाते. जूनमध्ये, इथल्या हिवाळ्याच्या सुरुवातीला, एका व्हॅनचा आरसा तिला लागला, कोपर वांग्यासारखं काळंनिळं! मग कौन्सिलनं, म्हणजे इथल्या नगरपालिकेनं, प्लॅस्टिकचे खांब रोवून कडेच्या पार्किंगच्या जागेत सायकलींची वेगळी पट्टी केली. तात्पुरतीच, पण पहाटे आई गेल्यावर मला पुन्हा झोप लागायला लागली.

तेवढ्यात समोरचे थानासीकाका फाटकाशी हजर! हातात पालक-चीज भरलेली गरम पेस्ट्री. आईला म्हणतात, "जोझी, किती राबतेस पोरी! हे घे, खा... आणि हे बघ, खांब काढा म्हणणाऱ्या अर्जावर मी सही केलीय हं. मनाला लावून घेऊ नकोस. बाकी नर्सबद्दल आदर आहेच!"

मिसेस डोहर्टींच्या खिडकीत नर्सेससाठी इंद्रधनुष्य चिकटवलेलं, आणि त्याच खिडकीतून, "अगं, माझा मुलगा आला तर गाडी कुठं लावेल?" मुलगा पर्थला! त्या राज्याची हद्द बंद! तो काय उडत येणारेय? पण त्याची जागा राखून ठेवायची... बाकी नर्सबद्दल आदर आहेच.

मग कौन्सिलची सभा ठरली, कॉम्प्युटरवर. ज्याला बोलायचंय त्यानं बोलावं, नाहीतर प्रश्न लिहून पाठवावा. मी? मी ऑनलाइन वर्गात हजेरी देतानाही कॅमेरा बंद ठेवते! म्हणून लिहून पाठवला. पाच वेळा खोडला, तेव्हा कुठं जमला: 'ही पट्टी काढलीत, तर माझी आई कामावरून नीट घरी येईल याची काळजी कोण घेणार?'

सभेत स्क्रीनवर एकेका माणसाचा चौकोन उजळायचा, आधी नर्सेसचे आभार मानायचा, मग पार्किंगवर यायचा. थानासीकाकांचं तर फक्त कपाळच दिसत होतं, पण त्या कपाळालासुद्धा आदर होता! शेवटी माझा प्रश्न आला. कौन्सिलच्या एका बाईंनी तो वाचला... कसा? कचऱ्याच्या गाडीचं वेळापत्रक वाचावं तसा. 'काळजी' या शब्दावर त्यांना जांभई आली. महापौर म्हणाले, "प्रश्नाबद्दल आभार. नोंद घेतली आहे. पुढे?"

पुढे काय? मतदान! पट्टी काढायची. आई शेजारीच बसली होती, गणवेशाला इस्त्री करत. एकाच कॉलरवरून इस्त्री फिरवतच राहिली, फिरवतच राहिली... मीच इस्त्रीचं बटण बंद केलं.

चार दिवसांत खांब गेले. आई परत व्हॅनच्या गर्दीत. मी परत छताकडे बघत पडलेली, तिचा 'पोचले' असा मेसेज येईपर्यंत.

आणि मग कौन्सिलनं, बरं का, आमच्याच रस्त्यावर चाकांवरचा एक मोठा विजेचा फलक आणून ठेवला. झगझगीत अक्षरं: 'आरोग्यसेवकांनो, तुमचे आभार!' ठेवला कुठं? जिथं पट्टी होती तिथंच! दोन गाड्यांची जागा अडवून! आता एक तरी तक्रार? छे! मिसेस डोहर्टी फोटो काढतायत, थानासीकाका लांबून अंगठा दाखवतायत, आणि त्या आभारांना वळसा घालायला माझ्या आईला पार रस्त्याच्या मध्यात जावं लागतंय!

मी आईला म्हटलं, "चीड येत नाही तुला?"

ती हेल्मेटचा पट्टा आवळत म्हणाली, "असू दे गं. पहाटे केवढा अंधार असतो... निदान त्याच्या उजेडात व्हॅनवाल्याला मी दिसेन तरी."